सरावाच्या कळांचा हिवाळा

आई गेली त्या सकाळी तिने भात टाकला होता. छातीत दुखतंय म्हणाली. मग म्हणाली, गॅस झाला असेल. ओवा खाल्ला आणि थोडं पडते म्हणाली. बाबा म्हणाले, पड. तासाभराने त्यांनी गाडी बोलावली. वडशाहून ब्रह्मपुरीच्या हॉस्पिटलात नेताना, वैनगंगेचा पूल यायच्या आधी, ती गेली. मला पाचवा महिना होता.

मी लिहिते आहे ते मात्र त्यानंतरच्या हिवाळ्याबद्दल. गरोदरपण हा काही आजार नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं आणि ते खरंच आहे. पण शेवटच्या दीड-दोन महिन्यांत मला ज्या कळा यायच्या, पोट आवळून धरायच्या आणि बाळ न देताच निघून जायच्या, त्यांनी आमचं घर आजारी पडल्यासारखं केलं होतं. त्यांच्याबद्दल आधी कुणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जिने सांगितलं असतं ती नव्हती. म्हणून मी सांगते आहे.

माहेर

मी एटापल्लीला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माझा नवरा मिलिंद तिथल्याच जनावरांच्या दवाखान्यात आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आई असतानाच ठरलं होतं. आई गेल्यावर ते बदलायचं की तसंच ठेवायचं, हा विषय कुणी काढला नाही. दिवाळीनंतर मिलिंदने मला ओळखीच्या एकाच्या गाडीने, खड्डे चुकवत, वडशाला आणून सोडलं.

बाबांनी माझा पलंग खिडकीशी सरकवून ठेवला होता. उशाशी माझी कॉलेजातली पुस्तकं रचली होती. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी आईचा नवा फोटो. आईच्या फोटोची फ्रेम जरा मोठी झाली होती, त्यामुळे ती भिंतीवर उपरी वाटायची.

आईच्या जागी आईची धाकटी बहीण आली, राजुऱ्याची शीलामावशी. मावशी मोठ्याने बोलते, मोठ्याने हसते आणि रडायचं असेल तर न्हाणीत जाऊन नळ सोडते. मला ती आल्या आल्या म्हणाली, "पाय, मी काही तुह्या मायसारखी गरीब नाई. तिनं तुले पुस्तकं वाचू वाचू बिघडवलं. आता माह्या हातचं खाजो, आन् मी सांगतो तसं कर."

बाबा दिवाळीपासून होळीपर्यंत नाटक कंपनीत असतात. बाकी वर्ष राइस मिलमध्ये. कंपनीत ते प्रॉम्प्टर आहेत. बाहेरच्यांना हे जरा समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे हिवाळाभर गावोगाव नाटकं होतात, रोज नवं गाव, पुष्कळदा रोज नवं नाटक. नटांना तालमी करायला सवड नसते. एकदा वाचन झालं की थेट रंगमंच. मग सगळी भिस्त पडद्याआड वही घेऊन बसलेल्या, नटांना शब्द पुरवणाऱ्या माणसावर. कंपनीत सगळे बाबांना मास्तर म्हणतात. त्या हिवाळ्यात ते जाऊ नयेत असं मला वाटत होतं, पण घरी बसून ते फक्त माझ्याकडे बघत राहिले असते. मावशी म्हणाली, "जा जी भाऊजी. नाई तं पोरगी तुमच्या नजरेनंच बाळंत होईन."

पहिली खेप

एका दुपारी मी खिडकीशी वाचत बसले होते. पोट वरून खाली ताठ होत गेलं. दुखलं असं नाही. कुणीतरी आतून दोरी ओढून गाठ मारावी तसं झालं. बोटाने दाबून पाहिलं तर पोट कपाळासारखं कडक लागलं. मग आपोआप सैल झालं. थोड्या वेळाने पुन्हा तसंच.

मला माहीत होतं की दिवस भरायला अजून बराच अवकाश आहे. त्यामुळे आधी बाळाचीच भीती वाटली. मी मावशीला हाक मारली, तेव्हा बाबा दारात होते. त्यांनी माझा पोटावर ठेवलेला हात पाहिला आणि काही न विचारता शेजारच्या प्रमोदला फोन लावला. त्याची बोलेरो आहे. आईलाही त्याच गाडीने नेलं होतं.

आमच्या मोहल्ल्यात बाई बाळंतपणाला निघाली की शेजारणी बाहेर येतात. कुणी पाठीवर हात ठेवतं, कुणी साडीच्या पदरात नाहीतर ओढणीत मूठभर तांदूळ टाकतं. समोरच्या रेखाबाई तर त्या दिवशी स्वयंपाक सोडून पिठाच्या हातांनीच आल्या. माझ्या ड्रेसवर त्यांचे पीठ लागलेले पंजे उमटले. पोरं गाडीमागे पळत आली. मी निघाले ती गाव जिंकायला निघाल्यासारखी.

गाडीत बाबा पुढे बसले होते. पूल जवळ आला तसे ते मान वळवून दर थोड्या वेळाने विचारू लागले, "आहेस ना?" मी म्हणायची, "आहे, बाबा." पूल ओलांडेपर्यंत त्यांनी हे कितीदा विचारलं असेल, मला आठवत नाही. मावशीने शेवटी त्यांच्या खांद्यावर मागून थाप मारली. "भाऊजी, पोरगी जाऊन कुठी राह्यली? मी बसलो ना तिच्या आंगावर!"

हॉस्पिटलात माझ्या पोटाला पट्टा बांधला. यंत्रातून बाळाच्या हृदयाचा आवाज यायला लागला. धपधप, धपधप, मिलमधला पट्टा चालू असतो तसा. तो आवाज ऐकला आणि मला रडू आलं. सिस्टर म्हणाल्या, "अवं, चांगला आवाज आहे. चांगल्या आवाजाले कोनी रडते का?"

रात्रभर ठेवून घेतलं. पोट दोनदा ताठलं, मग ते थांबलंच. डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. तपासून म्हणाल्या, बाळंतपण सुरू झालेलं नाही. गर्भाशय सराव करतंय. याला खोट्या कळा म्हणतात.

मावशीला ते पटलं नाही. "खोट्या कशा जी? लेकरू दुखून राह्यलं म्हन्ते आन् तुमी खोटं म्हन्ता?"

डॉक्टर बाई हसल्या. "तिचं दुखणं खरंच आहे, मावशी. फक्त त्यातून बाळ बाहेर येत नाही अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरी परतलो. रेखाबाई दारातच होत्या. माझं पोट जसंच्या तसं पाहून त्यांनी हनुवटीवर बोट ठेवलं. "काऊन वो, बाळ कुठी ठेवून आली?"

गाडी बोलावणारं घर

त्यानंतर हे रोजचं झालं. दिवसातून कधी एकदा, कधी चार-पाचदा. जिना चढले की. कपडे वाळत घातले की. जोरात हसले तरी. डॉक्टर बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी पाणी प्यायचे, लघवीला जाऊन यायचे, कूस बदलायचे. बसले असेन तर चार पावलं चालायचे आणि चालत असेन तर बसायचे. बहुतेक वेळा तेवढ्याने पोट सैल व्हायचं. मला त्यांची ओळख होऊ लागली होती. पाहुण्यांसारख्या यायच्या, चहा न घेता जायच्या.

बाबांना मात्र ती ओळख होत नव्हती. घरात असले की ते माझ्या चेहऱ्याकडे बघत. मी बोलताना मध्ये थांबले तरी ते उठून उभे राहत. एकदा मी पुस्तकातलं पान उलटताना कपाळाला आठी घातली, तर प्रमोदची गाडी दारात. प्रमोद बिचारा हॉर्न न वाजवता यायचा आणि न बोलता परत जायचा.

दुसऱ्यांदा मी गेले ते खरं तर बाबांसाठी गेले. पोट नेहमीपेक्षा जास्त वेळ ताठत होतं, कंबर भरून आली होती, आणि बाबा फोन हातात घेऊन उभे होते. पुन्हा पूल, पुन्हा "आहेस ना?", पुन्हा पट्टा आणि धपधप. शेजारच्या खाटेवर कुरखेड्याकडची एक मुलगी होती, माझ्याच दिवशी आलेली. संध्याकाळी ती मुलगा घेऊन बसली होती आणि मी डबा घेऊन. तिच्या सासूने माझ्याकडे पाहून मावशीला विचारलं, "इचं काय अडलं?" मावशी म्हणाली, "काई नाई वो. आमच्या पोरीले हॉस्पिटल पाहाची आवड हाय."

निघायच्या वेळी बाबा डॉक्टर बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. टोपी हातात. हळू आवाजात म्हणाले, "बाई, काढून टाका ना जी बाळ. ऑपरेशन करून टाका. कायले वाट पाहाची?"

डॉक्टर बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. बाळ चांगलं आहे, पण त्याचे दिवस भरलेले नाहीत. कारण नसताना आधी काढलं तर त्याला श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, काचेच्या पेटीत ठेवावं लागू शकतं. थांबणं चांगलं.

"मी एकदा थांबलो," बाबा म्हणाले.

डॉक्टर बाईंना ते काय म्हणतात ते कळलं नाही. मला कळलं. मावशीलाही कळलं, ती उठून बाहेर पाणी प्यायला गेली.

नागपूरचं ठरतं

घरी आल्यावर बाबांनी नागपूरला एका नातेवाईकाला फोन केला. तिथे कुणी डॉक्टर ओळखीचे होते. ते घरच्यांनी आग्रह केला तर ऑपरेशन करतात, असं कळलं. बाबांनी सोमवार ठरवून टाकला. मिलिंदला फोनवर सांगितलं. एटापल्लीला रेंज तुटक, त्यामुळे मिलिंदचं बोलणं अर्धं अर्धं यायचं.

"तुला काय वाटतं?" मी त्याला विचारलं.

"मला गाईचं विचार," तो म्हणाला. "गाईला मी हात लावत नाही, जोवर ती स्वतः सांगत नाही तोवर. पण बाबांना..." मग रेंज गेली.

मावशीने हे ऐकलं होतं. "ढोराचा डॉक्टर असून बरोबर बोलते," ती पुटपुटली. मिलिंदसमोर असं कौतुक तिने कधी केलं नसतं.

मला नागपूरला जायचं नव्हतं. पण बाबांना नाही म्हणायचीही हिंमत नव्हती. त्यांच्याकडे बघितलं की मला तो एक तास दिसायचा, भाताचा वास असलेला, ज्यात ते आईच्या उशाशी बसून राहिले होते. त्यांना त्या तासाची परतफेड माझ्याकडून करायची होती. आणि ती करताना बाळाला वेळेआधी बाहेर यावं लागणार होतं. माझ्या लेखी भीती आता दोन बाजूंची झाली होती. थांबले आणि काही झालं तर? गेले आणि काही झालं तर? या प्रश्नाचं उत्तर देणारं पुस्तक माझ्याकडे नव्हतं. उशाशी रचलेली सगळी कथा-कादंबऱ्यांची होती.

थांबला होता

सोमवारच्या आधी दोन दिवस, सकाळी, कंपनीतले शंकरभाऊ घरी आले. कंपनीचे नायक तेच. रात्रीचा रंग कानामागे तसाच होता. बाबा आदल्या रात्री नाटकाला गेले होते आणि पहाटे येऊन अंगणात खाटेवर बसले होते, झोपले नव्हते. शंकरभाऊ खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले. मी आत खिडकीशी होते. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं आणि त्यांना ते माहीत होतं.

"मास्तर, राग नका मानू," शंकरभाऊ म्हणाले. "पण काल तुमी तीन जागी माह्या तोंडातला शब्द काढला."

बाबा खाटेची दोरी ओढत राहिले.

"बापाच्या मयतीचा सीन. मी उभा हाव. लोक रडून राह्यले. अन् मागून तुमचा आवाज, 'बाबा, तुम्ही मला पोरकं केलं!' पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याले आयकू गेलं. तो मले म्हन्ते, 'बोल ना बे, तो सांगून राह्यला!'"

मावशी आत फसकन हसली. शंकरभाऊंनाही हसू आलं, पण बाबांना नाही.

"मास्तर, मी थांबलो होतो," शंकरभाऊ म्हणाले. "विसरलो नवतो."

बाबा म्हणाले, "मले वाटलं विसरला."

"वीस वरसात कधी वाटलं नाई तुमाले. तुमच्या भरोश्यावर तं थांबतो मी." मग त्यांनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "वैनी गेल्यापासून तुमी सगळ्याइलेच सांगून राह्यले. चार दिस आराम करा. मी पाहतो."

ते गेल्यावर मी बाहेर आले. पोट धरून खाटेवर बसायला वेळ लागला. बाबा उठून आधार द्यायला आले, त्यांना मी बसवलं.

"बाबा, विसरलेला आणि थांबलेला, तुम्ही ओळखता कसं?"

हे मी त्यांना शिकवायला विचारलं नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं. मी लहानपणापासून नाटकं पाहत आले, पण पडद्याच्या त्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं.

"विसरलेल्याचे डोळे भटकते," ते म्हणाले. "हात कुठी ठेवावं समजत नाई त्याले. श्वास वरच्या वर घेते. थांबलेला मानूस पायावर उभा राह्यते. त्याचा श्वास खाली जाते, पोटात. तो आतमंदी बोलूनच राह्यला असते."

"आणि समजलंच नाही तर?"

"तं पहिला शब्द हलकाच द्याचा. त्याले लागला तं तो घेते." मग म्हणाले, "त्यात काई कमीपना नाई."

त्याच वेळी माझं पोट ताठ होऊ लागलं. मी त्यांचा हात घेऊन पोटावर ठेवला. आजवर त्यांनी तो ठेवला नव्हता. बाप-लेकीत ते आमच्याकडे होत नाही. त्यांनी हात मागे घ्यायचा प्रयत्न केला, मी घट्ट धरला.

"माझ्याकडे बघा," मी म्हटलं. "विसरले का मी?"

बाबांनी पाहिलं. मी डॉक्टर बाईंनी सांगितल्यासारखा सावकाश श्वास घेत होते. पोट त्यांच्या हाताखाली दगड झालं, थोडा वेळ तसंच राहिलं, आणि उतरू लागलं. आत बाळाने पाय मारला, अगदी त्यांच्या तळव्याखाली. बाबांच्या तोंडून "अरे" निघालं.

"नाई," ते म्हणाले. "थांबून आहेस."

मग ते रडले. आई गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मावशी दारापर्यंत आली आणि तशीच मागे फिरली. न्हाणीतला नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

दुपारी त्यांनी नागपूरला फोन करून सोमवार रद्द केला.

बरे दिवस

पुढचे दिवस त्या हिवाळ्यातले सर्वांत बरे होते. कळा थांबल्या नव्हत्या, उलट वाढल्या होत्या. पण घर त्यांच्याभोवती पळत नव्हतं.

बाबा घरी होते. पोट ताठलं की मी हात वर करायचे आणि ते जे हाताशी असेल ते वाचायला लागायचे. प्रॉम्प्टरचा आवाज असतो ना, चढ नाही, उतार नाही, नुसते शब्द पुढे सरकवणारा, तो. धानाचे भाव. निविदा सूचना. कुणाचा तरी गुणवंत विद्यार्थी म्हणून सत्कार. माझी कळ सरेपर्यंत त्यांचं वाचन चाले, आणि ती सरली की मी हात खाली करायचे. एकदा मावशी म्हणाली, "भाऊजी, हे लेकरू जलमल्या जलमल्या सोयाबीनचा भाव विचारते का नाई पाहा."

पायाला गरम पाण्याचा शेक, डाव्या कुशीवर झोपणं, दोन गुडघ्यांमध्ये उशी. संध्याकाळी अंगणात फेऱ्या. बाळाच्या हालचालींकडे लक्ष. डॉक्टर बाईंनी एक गोष्ट पक्की सांगितली होती: पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळ नेहमीपेक्षा कमी हललं, किंवा कळा नेमाने, जवळ जवळ, चढत्या येऊ लागल्या, तर कुणालाही न विचारता निघायचं. दिवस भरायच्या आत कळा नेमाने आल्या तर जास्तच घाईने. आणि नुसती शंका आली तरी यायचं. "परत पाठवलं म्हणून लाजू नका," त्या म्हणाल्या होत्या. "मी शंभरदा परत पाठवीन. तुम्ही या."

आईची आठवण त्याच दिवसांत सर्वांत जास्त आली. संकटात ती माझ्या मनात कुठेतरी मागे उभी असायची, बाबांच्या भीतीआड. भीती गेली आणि ती समोर आली. मला तिला एक साधी गोष्ट विचारायची होती: माझ्या वेळी तुला असं झालं होतं का? मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "मी तवा नववीत होतो. मले कोन सांगते?" तेवढं एक उत्तर कुणाकडेच नाही. ते नाही हे मी हळूहळू मान्य केलं.

खरी

मी सकाळी सुपात तांदूळ निवडत होते. पाठीत, खाली, काहीतरी भरलं आणि पुढे आलं. पाणी प्यायले. चालले. कुशीवर पडले. ती सरली, पण थोड्या वेळाने परत आली, आणि परत येताना थोडी मोठी होऊन आली. पुढचीही तशीच. हिच्याशी माझी ओळख नव्हती.

बाबा समोर खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. मी हात वर केला नाही म्हणून त्यांनी वाचलं नाही. माझ्याकडे पाहत होते. ओठ घट्ट मिटलेले. पुष्कळ वेळ त्यांनी एक शब्द काढला नाही. तेवढं गप्प राहणं त्यांना किती जड गेलं असेल, याचा अंदाज मला आता येतो.

"बाबा," मी म्हटलं, "आता."

"हो," ते म्हणाले आणि उठले. पळाले नाहीत.

या वेळी मोहल्ल्यातलं कुणी बाहेर आलं नाही. रेखाबाई ओट्यावर वड्या घालत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि हात न थांबवता विचारलं, "संध्याकाळी जेवाले परत येते ना वो?"

"नाई येत," मावशी ओरडली. "आज खरी हाय!"

"मागच्या दोन्ही बारी असंच म्हटलं तुमी," रेखाबाई म्हणाल्या.

पुलावर मला एक मोठी कळ आली. मी खिडकीची कड धरली. नदीत पाणी कमी होतं, मध्ये वाळूचे पट्टे उघडे पडले होते. बाबा पुढे बसले होते. या खेपेला त्यांनी मान वळवली नाही आणि "आहेस ना?" असंही विचारलं नाही. कळ चालू असतानाच त्यांचा आवाज आला, तो चढ-उतार नसलेला. रस्त्याकडेच्या पाट्या वाचत होते. हॉटेल. टायर पंक्चर. बी-बियाणं. पूल संपला तेव्हाही ते वाचतच होते.

वॉर्डात बायका एकच शब्द ओरडतात. माय. मायवो. आई गं. मी पहिल्या दोन खेपांना तो ऐकला होता आणि मनाशी ठरवलं होतं की मी तो उच्चारणार नाही. तो शब्द काढला तर मी कोलमडेन असं वाटत होतं. शेवटी शेवटी मी तोच ओरडले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. कोलमडले नाही. सिस्टर म्हणाल्या, "ओरड वो, ओरड. तिच्यासाठीच असते ते." त्यांना काही माहीत नव्हतं. त्या सगळ्यांनाच तसं म्हणत असतील.

दुपारी मुलगी झाली. दिवस भरलेली. आल्या आल्या रडली. काचेच्या पेटीत ठेवावं लागलं नाही. मावशीने तिला कपड्यात गुंडाळून बाहेर नेलं आणि बाबांच्या हातात दिलं. मला ते दिसलं नाही, फक्त मावशीचा आवाज आला, "धरा जी नीट. वही नाई हे."

जिला गरज असेल तिच्यासाठी

तुमचं पोट ताठत असेल आणि तुम्हाला भीती वाटत असेल, तर ती वाटू द्या. पाणी प्या, कूस बदला, कुणाला तरी जवळ बसवा. जो माणूस तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेला असेल त्याचा हात पोटावर ठेवा. मला त्याने फायदा झाला. शंका असेल तर हॉस्पिटलात जा आणि तपासून परत या, मोहल्ला हसू दे. मी दोनदा परत आले, त्यात माझं काहीच गेलं नाही. ज्या घरात नुकतं कुणी गेलं असेल त्या घरात प्रत्येक दुखणं शेवटचं वाटतं. ते हळूहळू कमी होतं. आमच्याकडे ते एका सकाळी कमी व्हायला लागलं, एवढं मी सांगू शकते.

बाकी सगळं बऱ्यापैकी मार्गी लागलं आहे. मावशी उन्हाळ्यात राजुऱ्याला गेली, रोज फोन करते आणि फोनवर मुलीला ओरडून झोपवते. मिलिंद दर शनिवारी येतो. बाबा राइस मिलमध्ये जातात. शेतांत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला आहे. मुलीचं नाव आम्ही आईचं ठेवलं नाही. तिचं वेगळं ठेवलं. तिला खालचा एक दात आला आहे. पुढच्या आठवड्यात माझी रजा संपते, मग आम्ही दोघी एटापल्लीला जाऊ. आई नाही. मुलगी आहे, आणि ती ठीक आहे.